मामांच्या लेन्स : वजन, फट आणि एक अडॅप्टर

२ जून २०२४, उद्यमबाग, बेळगाव

कामाची हद्द आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढं फाटे फुटतात. मामांचा शहापुरातला स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. लेन्सचं कपाट तेवढं राहिलंय. मामांचं म्हणणं, "आमच्या वेळच्या लेन्स म्हंजे लोखंड रे. आताच्या सगळ्या प्लॅस्टिकच्या डब्या." मामेबहीण लग्नांचं शूटिंग करते, तिचं म्हणणं उलटं: "काय ओ बाबा, तुमच्याच लेन्स हलक्या हायत की. माझ्या गळ्यात एक दिवस अडकवून बघा."

दोघांचं हे ऐकून कान किटले. मी काम करतो त्या टूलरूममध्ये वजनाचा काटा आहे, शतांश मिमी मोजणारं डायल गेज आहे, अगदी सपाट अशी सरफेस प्लेट आहे. मोजू या म्हटलं.

तर कामं तीन. वजनं करायची. कुठं किती खेळ, म्हणजे सांध्यातली सैल फट, आहे तो मोजायचा. आणि मामांची हेलिओस ही जुनी सोव्हिएत लेन्स मामेबहिणीच्या निकॉन झेड६ टू या डिजिटल कॅमेऱ्याला बसेल असा अडॅप्टर लेथवर काढायचा. तिसऱ्या कामाचा भांडणाशी संबंध नाही. ते मला करायचंय म्हणून यादीत आहे.

कपाटातून निघालेलं (मिमी म्हणजे लेन्सचं फोकल अंतर, एफ म्हणजे अपर्चरचं, प्रकाश आत येतो त्या तोंडाचं, माप; आकडा लहान तितकं तोंड मोठं): निकॉनची निक्कोर ५० मिमी एफ १.८ एआय-एस, निक्कोर १०५ मिमी एफ २.५, के१००० कॅमेऱ्याला लावलेली एसएमसी पेन्टॅक्स-एम ५० मिमी एफ २, झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ आणि एक सुपर-टाकुमार ५० मिमी एफ १.४. याशिकामॅट १२४जी हा कॅमेरा पण आहे. लग्नाचा अर्धा धंदा मामांनी तिच्यावर केला, पण तिची लेन्स बॉडीला कायमची, म्हणून ती बाजूला.

"लोखंड" हा मुद्दा चुंबकानं मिनिटात निकालात काढला. नळकांड्याला चुंबक कुठंच धरत नाही. अल्युमिनियम. निक्कोरचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणारी मागची बैठक, क्रोम चढवलेलं पितळ. पोलाद म्हणाल तर बारके स्क्रू, स्प्रिंगा, अपर्चरची पाती. मामा म्हणाले, "मग जड कसं लागतं?" ते पुढच्या रविवारी.

९ जून

वजनं, टोपणं काढून. पेन्टॅक्स-एम ५०: १७० ग्रॅमच्या आसपास. निक्कोर ५०: २२०. हेलिओस: २३०. निक्कोर १०५: ४३५. मामेबहिणीची झेड ५० मिमी एफ १.८ एस: ४१५.

म्हणजे तेच ५० मिमी, तेच एफ १.८, आणि वजन जवळजवळ दुप्पट. तिची पन्नास मामांच्या एकशेपाचच्या बरोबरीला येऊन बसली. मामांनी दोन्ही हातात दोन घेतल्या, अदलाबदल केली, परत घेतल्या. तरी म्हणाले, "ही भरीव लागत्येय," आणि वर धरली ती जुनीच.

यात मामांचं चुकत नाही. जुनी लेन्स लहान, धातू उघडा, हाताला गार लागतो. नवी ८६.५ मिमी लांब, आत बरीचशी पोकळी, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण. वजन आकारात पसरलं की हाताला कमी वाटतं. काटा मात्र फसत नाही.

वजन गेलं कुठं? जुन्या ५० मध्ये काचा सहा. १८९६ सालच्या त्साइसच्या प्लॅनारपासून चालत आलेली ती डबल गाउस मांडणी, सगळ्या कंपन्यांनी थोडी थोडी वाकवून वापरलेली. झेड ५० मध्ये काचा बारा, नऊ गटांत, त्यात दोन अॅस्फेरिकल (गोलाच्या वक्राच्या नसलेल्या) आणि दोन ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या). शिवाय मोटर, सर्किट बोर्ड, विजेवर चालणारं अपर्चर. या जास्तीच्या काचा शोभेच्या नाहीत. अपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटोच्या कोपऱ्यापर्यंत धार पाहिजे, जांभळ्या कडा नकोत, असं आजचं गिऱ्हाईक मागतं. तेवढं सहा काचांत होत नाही.

पण "नवीन म्हणजे जड" हेही सरसकट खरं नाही. त्याच निकॉनची २०११ ची एएफ-एस ५० मिमी एफ १.८जी १८५ ग्रॅमची आहे, मोटरसकट. झेड ४० मिमी एफ २ तर १७० ग्रॅम, आणि तिचं माउंटसुद्धा प्लॅस्टिकचं. डिझाइन करणाऱ्याला काय सांगितलं होतं त्यावर वजन ठरतं, सालावर नाही.

नळकांड्याचा धातू किती फरक पाडतो याचं एक उत्तम उदाहरण आहे, ते मामांना सांगितलं. लायकाची सुमिक्रॉन-एम ५० मिमी एफ २ काळ्या रंगात घेतली तर २४० ग्रॅम, रुपेरी क्रोममध्ये घेतली तर ३३५. आत काच तीच, मांडणी तीच. काळीचं नळकांडं अल्युमिनियमचं, रुपेरीचं पितळेचं. अल्युमिनियमची घनता २.७, पितळेची साडेआठच्या आसपास. ९५ ग्रॅम जास्त वागवायचे आणि फोटोत शून्य फरक.

१२ जून, पाळी सुटल्यावर

मामेबहिणीची हरकत आली: जुनी लेन्स तिच्या बॉडीला लावायची तर एफटीझेड हा निकॉनचा अडॅप्टर लागणारच, त्याचं वजन कोण धरणार? रास्त आहे. एफटीझेड टू १२५ ग्रॅम. २२० अधिक १२५ म्हणजे ३४५. नव्या ४१५ शी फरक उरला ७० ग्रॅमचा. निकॉनच्या फिल्मच्या एफएम२ कॅमेऱ्यावर ती हलकी होती, कारण तिथं ४६.५ मिमीची जागा बॉडीच्या आतच होती. झेडमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर १६ मिमीवर. मधले ३०.५ मिमी कुणीतरी भरायचे, नळी भरते.

तिचा हा गुण मामांकडून आलाय. हिशोबात सोडत नाही.

१६ जून

आज उलटा प्रकार निघाला. खानापूरकडं पक्ष्यांचे फोटो काढणारा मित्र आला होता. त्याच्याकडं निकॉनची ३०० मिमी एफ ४ पीएफ, २०१५ ची: ७५५ ग्रॅम. तिच्या आधीची एएफ-एस ३०० मिमी एफ ४ होती १,४४० ग्रॅम. निम्म्याला आली! पुढं फ्रेनेल जातीची, बारीक वर्तुळाकार कंगोऱ्यांची, एक काच घातलीय, तिच्यामुळं लांबीही घटली.

कॅननच्या ४०० मिमी एफ २.८ चा इतिहास तर याहून बोलका. १९९१ ची ६,१०० ग्रॅम. पहिली स्टॅबिलायझरवाली (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी) ५,३७०. दुसरी ३,८५०. २०१८ ची तिसरी २,८४०. मधे स्टॅबिलायझर वाढूनही वजन निम्म्याखाली. युक्ती दोन ठिकाणी आहे. नळकांडं मॅग्नेशियमचं केलं, हे एक. खरी मेख दुसरी: पुढच्या मोठ्या काचेच्या मागं ज्या जाड काचा होत्या त्या आणखी मागं ढकलल्या. मागं प्रकाशाचा शंकू निमुळता होत जातो, तिथं लहान व्यासाची काच पुरते. व्यास निम्मा झाला की वजन निम्म्यानं नाही, त्याहून बरंच जास्त उतरतं. वजन पुढून मागं आल्यामुळं हातात तोलही सुधारतो.

म्हणजे पन्नास मिमीला पोरगी बरोबर, चारशे मिमीला जुनीच जड म्हणून तिचा मुद्दा बाद, आणि नवीचा हलकेपणा प्लॅस्टिकमुळं नाही म्हणून मामांचाही. मित्र म्हणाला, "मर्दा, मला एवढंच कळतंय की आता भीमगडच्या बाजूला चढताना धाप लागत नाही." त्याच्या मापानं तेही मोजमापच आहे.

२३ जून

निक्कोर ५० उघडली. रिंग घट्ट झाली होती, मामा दोन्ही हातांनी फिरवत.

ज्याला करायचं असेल त्यानं आधी स्क्रूड्रायव्हर बघावा. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, डोक्याचे असतात. आपला फिलिप्स पाना त्यात वरवर बसतो, जोर आला की वर निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. बाजारात "पूर्वी कुणीतरी उघडलेली" लेन्स ओळखायची खूण हीच, माउंटच्या स्क्रूच्या खाचा बघायच्या. स्क्रूला लॅकर लावलेलं असतं, अॅसिटोनचा थेंब टाकून थांबलं की सुटतं.

आतला ऐवज म्हणजे हेलिकॉइड, रिंग फिरवली की फोकससाठी काचा पुढंमागं नेणारी जोडी, आणि टूलरूमच्या माणसानं इथं टोपी काढावी. एकात एक बसणारे आटे, एक अल्युमिनियमचा, त्याच्याशी जोडीदार पितळेचा. दोन्ही अल्युमिनियमचे ठेवले असते तर घासून घासून एकमेकाला धरले असते. मऊ-मऊ एका धातूची जोडी सरकत्या कामाला चालत नाही, हे आमच्या शॉपमधल्या शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात कळतं.

आट्याचं गणित असं. ५० मिमीच्या लेन्सला अनंतापासून (म्हणजे अगदी लांबच्या क्षितिजापासून) ४५ सेंटिमीटरपर्यंत फोकस आणायला काचांचा गठ्ठा सात मिमीच्या थोडं वर पुढं जावा लागतो. साधा एक मिमी पिचचा, म्हणजे वळशाला एक मिमी सरकणारा, एकेरी आटा घेतला तर रिंग सात वळसे फिरवावी लागेल, तोवर नवरा-नवरी मांडवातून उठून जातील. म्हणून अनेक तोंडांचा आटा कापतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण पाव वळशात बसतं ते याच तत्त्वावर. रिंग साधारण अर्धा वळसा फिरली की काम झालं. पण तोंडं अनेक म्हणजे परत बसवताना आत शिरायच्या जागाही अनेक, आणि त्यातली एकच बरोबर. दुसऱ्या तोंडात शिरली तर आटा छान फिरतो, फक्त अनंत हरवतं. म्हणून आटे सुटतात त्या क्षणी दोन्ही तुकड्यांवर सुईनं रेघ ओढायची. ओढली.

जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं. काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं, नवीन डॅम्पिंग ग्रीस भरलं. पातळ तेल चुकूनही नको. उन्हाळ्यात ते सरकत अपर्चरच्या पात्यांवर जातं आणि पाती चिकटतात.

आता एका बोटानं फिरते, आणि बोट काढलं तिथं थांबते. मामा बराच वेळ नुसती फिरवत बसले. चहा गार झाला.

३० जून

खेळ मोजला. पद्धत: लेन्स माउंटवर उभी पकडून सरफेस प्लेटवर, पुढच्या कडेला डायल गेजचा काटा, स्प्रिंग बॅलन्सनं आडवा ठरावीक ओढ द्यायचा, दोन्ही बाजूंनी. रिंग मध्यावर ठेवून.

निक्कोर ५०, ताज्या ग्रीसवर: तीन शतांश मिमीच्या आत. चाळीस वर्षं वापरलेल्या आट्याला हे आकडे म्हणजे कौतुकच. पेन्टॅक्स-एम जवळपास तशीच. हेलिओसचा काटा दुप्पटीच्याही पुढं गेला. तिची घडण भक्कम, पण आटा सैल. ती मुळात जर्मन बायोटार ५८ मिमी एफ २ वरून सोव्हिएत कारखान्यांनी ढिगानं काढलेली लेन्स. आठ पाती, प्रीसेट (हातानं आधी ठरवून ठेवायचं) अपर्चर. तिच्यात मोडण्यासारखं फारसं काही नाही, हाच तिचा मोठेपणा.

झेड ५० चा पुढचा भाग हललाच नाही. हलेल कसा, बाहेर सरकणारं नळकांडंच नाही. फोकस आतले गट सरकवून होतो. तिची रिंग थोडी डुगडुगते, पण ती रिंग कशालाच जोडलेली नाही. ती फक्त "किती फिरवलं" एवढं सर्किटला कळवते. म्हणून रिंगच्या हातफीलवरून नव्या लेन्सची घडण ठरवू नये. मामा नेमकं तेच करतात.

मधल्या पिढीबद्दल एक गोष्ट आज लक्षात आली, ती लिहितो. १९८५ ला मिनोल्टा ७००० आला, मग १९८७ ला कॅननचं ईओएस, आणि सगळ्या लेन्स एकदम ढिल्या, हलक्या, खुळखुळ्या वाटायला लागल्या. लोक म्हणाले दर्जा गेला. पण त्या रिंगा मुद्दाम सैल ठेवल्या होत्या. बॉडीतल्या किंवा लेन्समधल्या चिमुकल्या मोटरला त्या झटकन फिरवायच्या होत्या. मामांच्या निक्कोरचं ते लोण्यासारखं जड ग्रीस त्या मोटरला पेललं नसतं. वळसाही कमी केला, कारण मोटरला लांबचा प्रवास म्हणजे उशीर. हाताला वाईट, मोटरला चांगलं. खर्च वाचवला नाही असं मी म्हणत नाही. साचातून प्लॅस्टिक काढणं आणि लेथवर बहुतोंडी आटा कापून जोडी जुळवणं, यांच्या भावात किती अंतर असतं ते मला नको सांगायला.

पाचवा नमुनाही लावून बघितला. मित्राची नवीन, पूर्ण धातूची, हातानं फोकस करायची स्वस्त लेन्स. कंपनी कोणती ते इथं महत्त्वाचं नाही. हातात घेतली की मामा खूश: "याला म्हणतात वजन!" डायल गेजवर सगळ्यांत जास्त खेळ तिचाच. ग्रीस दाट भरलंय म्हणून हाताला मखमली लागते. ग्रीसनं फट झाकते, भरत नाही. हे वाक्य मी मामांना दोनदा म्हणून दाखवलं.

७ जुलै

पाऊस. शॉपच्या पत्र्यावर इतका आवाज की बोलता येत नाही.

या दिवसांत धातू-प्लॅस्टिक वाद मला खोटा वाटायला लागतो. इथं खरा प्रश्न रबराचा आहे. मामांच्या एकाही लेन्सला माउंटभोवती रबरी सील नाही. नळकांडं आत-बाहेर होताना हवा ओढतं, हवेबरोबर ओल. नव्या एस मालिकेच्या लेन्सना माउंटवर आणि सांध्यांवर सील आहे. पाण्यात बुडवण्यासाठी नव्हे, शिंतोड्यांसाठी. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं लग्न असेल तर मामेबहीण लेन्सवर रुमाल टाकून काम उरकते. तिथं मी मामांची निक्कोर देणार नाही.

१०५ च्या मागच्या काचेवर बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. कारण समोरच होतं: लेन्स चामड्याच्या डब्यात. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीला खायलाही घालतं. साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता महिनोन्महिने राहिली की ती येणारच, आणि बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे तिचा सुगीचा हंगाम. लवकर धरली तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या मिश्रणानं निघते. उशीर झाला तर तिचं आम्ल कोटिंग खाऊन जातं, मग पुसून काही होत नाही. ही निघाली. एका कडेला अंधुक डाग राहिला, फोटोत दिसणार नाही.

चामड्याचे सगळे डबे वेगळे काढले. लेन्स आता झाकणाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक आत. चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचं. मामांना डबे टाकवेनात. राहू देत, रिकामे.

१४ जुलै

टाकुमारमधून बघितलं की सगळं जग चहाच्या रंगाचं. ही सात काचांची आवृत्ती. हिच्यातल्या एका काचेत थोरियम आहे. वक्रीभवन वाढवायला त्या काळी घालत. थोरियमच्या किरणोत्सर्गानं काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. वापरायला भीती नाही, फक्त पुढची-मागची काच डोळ्याला लावून तासन्‌तास बसू नये, काच फोडून पूड करू नये.

उपाय सोपा, अतिनील प्रकाश. उन्हात ठेवली की काही आठवड्यांत उजळते. पण जुलैत बेळगावला ऊन आणायचं कुठून! मामेबहिणीनं तिच्या मैत्रिणीच्या पार्लरमधला नखांचा यूव्ही दिवा आणला. खाली आरशाचा तुकडा, वर दिवा, मध्ये लेन्स.

१७ जुलै

आषाढी. शॉप बंद. टाकुमारचा रंग थोडा उतरलाय, फिक्या बिस्किटाएवढा राहिलाय. दिवा चालू.

२१ जुलै

अडॅप्टर सुरू. एम४२, हेलिओसची आट्याची बैठक, म्हणजे ४२ मिमी व्यास, १ मिमी पिच, आणि बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी. झेडचे १६ वजा केले की नळीची जाडी २९.४६. एवढाच सगळा ड्रॉइंग.

झेडचं बायोनेट, म्हणजे फिरवून अडकवायची बैठक, मी कापणार नाही. ती पाती आणि कुलपाची खाच मिलिंगवर करण्यात अर्थ नाही, तयार रिंग आणली. नळी ६०६१ अल्युमिनियमच्या बारमधून. बोअरिंग, आतून बारीक आटे. आतली भिंत गुळगुळीत ठेवायची नाही. चकचकीत भिंतीवरून प्रकाश उडून फोटो फिका पडतो, म्हणून चऱ्या ओढून वर मॅट काळा. जुन्या लेन्समध्येही बघा, काचांच्या मागच्या भिंतीला अशाच चऱ्या असतात.

आजचा शेवट जाडी ०.१० जास्त ठेवून. मुद्दाम. अल्युमिनियम काढता येतं, लावता येत नाही.

२८ जुलै

जाडीचा फोकसवर परिणाम डोळ्यांनी बघायचा होता. गणित सांगतं: ५८ मिमीच्या लेन्सला अडॅप्टर ०.१० मिमीनं लांब झाला तर लेन्स जास्तीत जास्त ३४ मीटरपर्यंतच फोकस होईल. ०.०५ नं लांब तर ६७ मीटर. ०.०२ नं लांब तर १६८. केसाएवढ्या चुकीनं अख्खं क्षितिज जातं.

पावसानं उघडीप दिली तशी येळ्ळूरच्या रस्त्याला जाऊन राजहंसगडावर रोखली. गडाचा तट नुसता पीठ पीठ. अलीकडच्या विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर मात्र एकेक मोजून घ्यावेत असे. गणित बरोबर, जाडी अजून उतरवायची.

४ ऑगस्ट

फायनल फेसिंग, म्हणजे तोंडं लेथवर सपाट करणं. जाडीपेक्षा दोन्ही तोंडं समांतर येणं जास्त अवघड. बायोनेट बसवून, सॉफ्ट जॉमध्ये (लेथच्या चकच्या मऊ जबड्यांत) पकडून, एकाच पकडीत शेवटचा हात फिरवला. तपासायला १.४६, ८ आणि २० च्या स्लिप (अचूक मापाचे ठोकळे) एकावर एक, डायल शून्यावर, मग अडॅप्टर खाली सरकवून चारी बाजू. एक शतांशानं लांडाच ठेवलाय. लांडा असला तर लेन्स अनंताच्या पलीकडं जरा फिरते, बिघडत काही नाही.

एवढी कटकट का, ते आमच्या टर्नर अण्णांनी विचारलं, "फोटोच काढायचाय न्हवं?" त्यांना हिशोब करून दाखवला. फिल्मच्या काळी धूसरपणाची चालणारी मर्यादा धरत ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), म्हणजे एफ २ ला फोकसची सूट मागंपुढं ६० मायक्रॉन. झेड६ टूचा पिक्सेल सहा मायक्रॉनचा. तेवढी धार मागायची तर सूट उरते मागंपुढं बारा. हेलिओस बनवणाऱ्यांनी साठला पुरेल असा आटा केला होता आणि त्यांच्या काळाला तो पुरला. आता आपण तिच्या पाठीला बाराची फूटपट्टी लावतो आणि म्हणतो सैल आहे.

अण्णा म्हणाले, "मग नवीनवाल्यांचं खरं काम न दिसणारं हाय." मला हे मामांकडून हवं होतं, मिळालं अण्णांकडून.

वजन बायोनेटसकट नव्वदच्या आसपास. हेलिओस आणि अडॅप्टर मिळून झेड ५० पेक्षा अजूनही हलकी.

राजहंसगड आता तटाच्या दगडांसकट.

११ ऑगस्ट

किल्ल्यातल्या कमल बस्तीला, जैन मंदिराला. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. छताचं दगडी कमळ, आत उजेड कमी. पूर्ण उघड्या अपर्चरला झेड ५० नं कडेच्या पाकळ्यांपर्यंत धार दिली. निक्कोर ५० मधल्या गोलात तिच्या बरोबरीनं, कडेला विरघळत गेली. दारातून येणाऱ्या उजेडानं तिच्यात धुकंही आलं. एफ ५.६ वर दोन्ही फोटो नाव झाकून मामांना दाखवले, त्यांना ओळखता आले नाहीत. मला आले, कोपरा मोठा करून.

हेलिओसनं कमळाभोवती सगळं भोवऱ्यासारखं फिरवलं. मामेबहीण म्हणाली हीच लग्नाला पाहिजे.

१८ ऑगस्ट

१०५ ची फिल्टर रिंग एका बाजूला चेपलेली होती, मामांच्या हातून केव्हातरी पडलेली. सागवानाचा गोल ठोकळा टर्न करून आतून दाबत दाबत सरळ केली. फिल्टर आता आटे धरतो. धातू पडला की चेपतो आणि चेपलेलाच राहतो, तो धक्का काचांपर्यंतही पोचवतो. काच भरलेलं पॉलिकार्बोनेट वाकून परत जागेवर येतं, किंवा सरळ तुटतं. मधलं काही नाही.

मामांचा जुना मुद्दा, "प्लॅस्टिक उन्हात फुगतं", तोही तपासला. साधं पॉलिकार्बोनेट अंशामागं अल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट फुगतं, हे खरं. पण लेन्समध्ये वापरतात त्यात बारीक काचतंतू भरलेले असतात आणि ते फुगणं धातूच्या जवळ आणून ठेवतात. अर्धे गुण दिले.

प्लॅस्टिकबद्दल माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. चेपलेली रिंग मी ठोकळ्यानं सरळ करू शकतो, झिजलेला स्क्रू बदलू शकतो, ग्रीस भरू शकतो. झेड ५० ची मोटर गेली किंवा आतली फ्लेक्स केबल फाटली तर माझं लेथ काही कामाचं नाही. कंपनीकडं सुटा भाग आहे तोवर ती लेन्स आहे. मामेबहिणीला हे पटतं, पण तिचा जबाबही चोख: "दादा, तोपर्यंत तिनं आपले पैसे वसूल करून दिलेले असतात की."

२५ ऑगस्ट

टाकुमार जवळजवळ पांढरी झाली. दिवा परत केला.

गणपतीला मामेबहीण १०५ नेणार आहे, एफटीझेडवर, आरतीच्या चेहऱ्यांसाठी. मंडपाच्या आत तेवढीच, मिरवणुकीला नाही. मामांनी मान डोलावली, पण डबा स्वतः आणून देणार म्हणाले.

पुढचा अडॅप्टर पेन्टॅक्स-एमसाठी. के माउंटची बैठक एम४२ एवढीच, ४५.४६, कारण जुन्या आट्याच्या लेन्स नव्या बॉडीवर चालाव्यात म्हणून पेन्टॅक्सनं ती बदलली नाही. म्हणजे जाडी पुन्हा २९.४६, स्लिपचा तोच गठ्ठा. लेन्सकडचं बायोनेट एका बाद झालेल्या एक्स्टेन्शन ट्यूबमधून काढून घेतलंय. बार कापून ठेवला. सॉफ्ट जॉ परत बोअर करायचे आहेत, अण्णा सोमवारी करून देतो म्हणालेत.